डब्ल्यूसी पॉलिसी कुठे दिसते? बेळगाव भागातल्या शोधयादीच्या नोंदी

९ जून २०२५
शोधयादीच्या कामाला आज सुरुवात. फळ्यावर एवढंच लिहिलंय: अपघात व्हायच्या आधी कामगाराला मोबाईलवर दिसलं पाहिजे की मालकाने डब्ल्यूसी पॉलिसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगाराच्या भरपाईचा विमा) घेतलीय का, कुठल्या कंपनीची, आणि ती आज चालू आहे का.

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रेस शॉपमधल्या जखमी पोराचा थोरला भाऊ आला होता. पिशवीत डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, औषधांची बिलं. पॉलिसीचा कागद नाही. "मालक पॉलिसी हाय म्हणूलालाय, पण दावीना." कंपनीचं नाव विचारलं तरी उद्या बघू, परवा बघू. आमच्या प्रोग्रामर ताईने त्याच्या मोटारसायकलचा नंबर परिवहनच्या साइटवर घातला. विमा कुणाचा, कधीपर्यंत, सगळं पुढ्यात आलं. गाडीचं कळतं आणि गाडीवरून कामाला जाणाऱ्याचं कळत नाही. प्रकल्पाची गरज कुणाला पटवायची वेळ आली तर हेच करून दाखवायचं ठरलं.

१२ जून
गाडीचं का दिसतं? कारण मोटार वाहन कायद्याने विमा सक्तीचा आहे. सक्ती आली की नोंद आली, नोंद आली की शोधता येतं. कामगाराच्या भरपाईचा कायदा १९२३ चा, १ जुलै १९२४ पासून लागू. तो मालकाला जबाबदार धरतो, पण विमा उतरवच असं सांगत नाही. मालकाने पॉलिसी घेतली तर त्याची सोय. नाही घेतली तर भरपाई त्याच्या खिशातून. खिसा रिकामा असला तर हुकूमनामा घेऊन फिरायचं.

अमेरिकेतली पानं ताईने काढून दाखवली. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया इथे मालकाचं नाव टाकलं की विमा कुणाचा आणि कुठल्या तारखेपासून ते सरळ दिसतं. तिथे बहुतेक राज्यांत हा विमा सक्तीचा आहे, टेक्सास हा ठळक अपवाद. म्हणून तिथे नाव सापडलं नाही तर मालकाने कायदा मोडला असा संशय रास्त ठरतो. इथे "सापडलं नाही" याचे तीन अर्थ निघतात: मालक ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) आहे म्हणून पॉलिसीची गरजच नाही, पॉलिसी आहे पण यादीत नाही, किंवा काहीच नाही. त्या पानांची नक्कल इथे केली तर कामगाराची दिशाभूल होईल. आपल्या पानावर "नोंद नाही" या शब्दांखाली हे तिन्ही अर्थ लिहायचेच.

एक गंमत टिपून ठेवतो. कर्नाटकाने जानेवारी २०२४ मध्ये ग्रॅच्युइटीचा विमा मालकांना सक्तीचा केला, त्याची नोंदणीही लावली. म्हणजे विम्याची नोंद ठेवणं सरकारला जड नाही. म्हातारपणी मिळायच्या पैशाची नोंद होते, बोट तुटल्यावर मिळायच्या पैशाची होत नाही.

१६ जून
पानावरचा पहिला प्रश्न ठरला: पगारातून ईएसआय कापतात का? दहा किंवा जास्त माणसं आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर बहुतेक वेळा ईएसआय लागतो, आणि त्या कायद्याच्या कलम ५३ मुळे मालकावर वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही. कामगाराचा हिस्सा ०.७५ टक्के. बारा हजारांच्या पगारचिठ्ठीत ९० रुपये कापलेले दिसले की डब्ल्यूसी पॉलिसी शोधत बसायचं कारण नाही, थेट ईएसआयचं ऑफिस गाठायचं.

पगारचिठ्ठीच नसली तर? युनियनचे काका हसले. मच्छेपासून काकतीपर्यंत लहान युनिटांत चिठ्ठी मागणारा माणूस नवखा समजतात.

दुसरी अडचण नावाची. पाटीवर एक नाव, जीएसटीवर दुसरं, पगार देणारा ठेकेदार तिसराच. पीएफच्या साइटवरचा आस्थापना-शोध सगळ्यांना खुला आहे, त्यात नोंदलेलं नाव आणि पत्ता सापडतो. पण ते मुख्यतः वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांचं. सहा माणसांचं फॅब्रिकेशनचं दुकान त्यात कुठून येणार?

२३ जून
आकडेमोडीचं पान तयार झालं. सूत्र सोपं आहे, पण ते कामगाराच्या कानावर कधीच पडलेलं नसतं. मृत्यू झाला तर मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर निम्म्याऐवजी ६० टक्के. गुणांक चौथ्या अनुसूचीत आहे: तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळीसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. अर्धवट अपंगत्वाचे टक्के पहिल्या अनुसूचीत. अख्खी तर्जनी गेली तर १४, अख्खं मधलं बोट १२, अंगठा ३०.

प्रेसवाल्या पोराचे आकडे घालून बघितले. वय ३०, पगार १२,०००. साठ टक्के म्हणजे ७,२००. त्याला २०७.९८ ने गुणलं की १४,९७,४५६. तर्जनीचे १४ टक्के म्हणजे २,०९,६४३ रुपये आणि वर काही पैसे. मालक त्याच्या घरी "दवाखान्याचं बिल भागवतो, वर वीस हजार घे" म्हणून सांगून गेला होता.

पगार कितीही जास्त असला तरी हिशेबाला १५,००० पर्यंतच धरतात. ही मर्यादा जानेवारी २०२० ची, त्याआधी ८,००० होती. चाळिशीतला वेल्डर २०,००० कमावत होता आणि गेला, तर घरच्यांना १३,८१,२७५ मिळतात. पुरा पगार धरला असता तर १८,४१,७०० झाले असते. हा फरक पानावर दाखवायचा की नाही यावर बराच वाद झाला. वकीलताई म्हणाल्या, उगीच आशा लावू नका. त्यांचं ऐकलं. पान म्हणजे निवेदन नव्हे. मर्यादेचा वाद घालायच्या जागा वेगळ्या आहेत.

४ जुलै
कोर्टाच्या नोंदी. आमच्या अख्ख्या कामाचा कणा हाच, हे आता पक्कं झालं.

कर्नाटकात हे दावे वरिष्ठ दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात. लोक अजून लेबर ऑफिसच्या पायऱ्या चढतात आणि तिथून परत पाठवले जातात. दाव्यात मालक पहिला प्रतिवादी आणि विमा कंपनी दुसरा. म्हणजे कुठल्या मालकाची पॉलिसी कुणाकडे, हे लोकांना उघडपणे बघता येईल अशी एकच जागा आहे: ई-कोर्ट्सवरची निकालपत्रं. पण तिथे पोचायला आधी कुणाचा तरी हात तुटावा लागतो आणि त्याने वकील करून दावा लावावा लागतो. जो लढला त्याच्या मालकाचा विमा दिसतो. न लढणाऱ्याचा कधीच दिसत नाही.

बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी, अथणी असं एकेक न्यायालय निवडायचं, प्रकरणाचा प्रकार निवडायचा, वर्ष टाकायचं, वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा भरायचा. यंत्राने ओरबाडायचं नाही असं ठरलंय, म्हणून हातानेच. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर असतो, तोच आमच्या यादीची किल्ली. एकाच विमा कंपनीचं नाव किती तऱ्हांनी लिहिलेलं असावं! कुठे पूर्ण नाव, कुठे आद्याक्षरं, कुठे फक्त "विभागीय व्यवस्थापक, क्लब रोड". ताईने समानार्थी नावांची वेगळी वही केलीय. कन्नड स्कॅन वाचताना यंत्र आकड्यांत गोंधळ करतं, म्हणून रकमा माणसानेच बघायच्या.

८ जुलै
काय दाखवायचं, काय झाकायचं? जखमीचं नाव, गाव, डॉक्टरी तपशील यादीत येणार नाहीत. निकालपत्र उघडं आहे हे खरं, पण जांबोटीच्या पोराचं नाव टाकल्यावर पहिल्या ओळीत त्याच्या अपंगत्वाची टक्केवारी यावी, हे आम्हाला नको. पुढचा मालक तेच बघून काम नाकारेल. मालक, विमा कंपनी, पॉलिसीची मुदत, अपघाताची आणि निकालाची तारीख, रक्कम, व्याज, एवढंच ठेवायचं.

१५ जुलै
माहिती अधिकाराची उत्तरं. एका सरकारी विमा कंपनीला विचारलं होतं: अमुक औद्योगिक वसाहतीत किती डब्ल्यूसी पॉलिसी चालू आहेत, नावं नकोत, फक्त आकडा द्या. कलम ८(१)(ड) दाखवून नकार, व्यापारी गुपित म्हणे. एका राज्य कार्यालयाचं उत्तर असं की माहिती मागितलेल्या स्वरूपात ठेवलेली नाही. कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, त्यामुळे प्रश्नांचे तुकडे करून पुन्हा पाठवायचे.

वास्तविक १९२३ च्या कायद्याच्या कलम १६ खाली सरकार मालकांकडून दर वर्षी विवरण मागवू शकतं: किती जखमी, किती भरपाई. मृत्यू किंवा गंभीर दुखापतीची खबर सात दिवसांत आयुक्तांना (भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला) द्यायची, हे कलम १०ब मध्ये आहे. तेव्हा कागद तयार व्हायची तरतूद पहिल्यापासून आहे. तो लोकांसमोर ठेवायची तरतूद नाही. पहिलं अपील केलं.

४ ऑगस्ट
सर्वोच्च न्यायालयाचा २९ जुलैचा निकाल वाचला. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज दिलं, उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते रद्द केलं, आता ते परत कायम झालं. घरून कामावर येता-जाता झालेला अपघात, वेळ-जागा-कारण यांचा कामाशी धागा जुळत असेल तर, कामावरचाच धरायचा. ईएसआय कायद्यात ही तरतूद २०१० पासून होती; न्यायालयाने तीच दृष्टी इथे लावली. बावीस वर्षं लागली, तो भाग वेगळा.

आमच्याकडे खानापूर रस्त्याने पहाटेच्या पाळीला येणाऱ्या पोरांच्या दुचाकींची रांग असते. असा अपघात आजवर आमच्याकडे यायचाच नाही, कारण "तो रस्त्यावर झालाय". पानावर नवा प्रश्न घातला: कामाला जाताना की येताना?

११ ऑगस्ट
सीमेचा घोळ. चंदगडचा पोर उद्यमबागेत कामाला, निपाणीचा कागलच्या वसाहतीत. दावा कुठे लावायचा? कलम २१ कामगाराच्या बाजूचं आहे. अपघात जिथे झाला तिथे, दावेदार जिथे राहतो तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथे, तिन्ही चालतं. निपाणीच्या बाईने नवऱ्याच्या मृत्यूचा दावा कोल्हापूरलाच लावायला हवा असं नाही, ती राहत्या भागात लावू शकते. मुदत दोन वर्षं.

पण माहिती गोळा करणाऱ्याची पंचाईत होते. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालयाकडे आहे, इथे वरिष्ठ दिवाणी न्यायाधीशांकडे. एकाच मालकाचे दावे दोन राज्यांत, दोन जागी, दोन भाषांत. यादीत मालकाची नोंद एकच ठेवून त्याखाली दोन्हीकडची प्रकरणं लावली. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, निदान या तक्त्यात दोन्ही बाजू एका ओळीत आल्या.

२ सप्टेंबर
कलम १७अ: कामाला लावतानाच कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती लेखी आणि इलेक्ट्रॉनिक मार्गाने द्यायची, इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, जी त्याला समजते. २०१७ पासून हे बंधन आहे आणि चुकल्यास ५० हजार ते एक लाख दंड. असा कागद हातात पडलेला कामगार आम्हाला अजून भेटलेला नाही. आम्ही कन्नड-मराठी नमुना तयार केला, एक पानी, खाली विमा कंपनीचं नाव भरायला कोरी ओळ. ती ओळ कायदा मागत नाही. आम्ही मागतो.

१० सप्टेंबर
एका फौंड्रीमालकांशी बोलणं झालं. चहा दिला, शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, "पॉलिसी जाहीर केली की रोज एक जण बोट कापून घेईल असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत. पण एजंट लोक दारात बसतील." मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. हप्ता आणि पगारपत्रक जाहीर करायचं नाही, हे आम्ही मान्य केलं.

मग त्यांनी स्वतःची पॉलिसी काढून दाखवली, आणि तिथे खरी गोम कळली. पॉलिसी माणसांच्या नावावर नसते. किती माणसं, कुठल्या कामाची, वर्षाचा पगार किती, असं घोषित केलेलं असतं. मोल्डिंग इतके, फेटलिंग इतके, हेल्पर इतके. ठेकेदाराची माणसं वेगळी जोडून घ्यावी लागतात. यांच्या कागदावर ती जोडलेली नव्हती, आणि शेडमध्ये निम्मी माणसं ठेकेदाराची. नुसतं "पॉलिसी आहे" असं दाखवणारं पान अशा ठिकाणी खोटा धीर देईल. म्हणून यादीत दोन रकाने वाढवले: किती माणसं धरलीत, आणि ठेकेदाराची धरलीत का.

त्यांनी पॉलिसीचं पहिलं पान नोटीस बोर्डावर लावलं आणि विमावाल्याला फोन करून ठेकेदाराची माणसं जोडायला सांगितली. आमच्या यादीत स्वतःहून आलेली ही पहिली नोंद.

१८ सप्टेंबर
व्याजाचा रकाना का हवा, हे वकीलताईंनी समजावलं. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, निकालाच्या दिवशी नव्हे. १९७५ पासून सर्वोच्च न्यायालयाची ही भूमिका आहे. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज, आणि कारण नसताना थकवली तर निम्म्यापर्यंत दंड. वरच्या वेल्डरच्या उदाहरणात एका वर्षाचं व्याज १,६५,७५३ रुपये. हे कुणी द्यायचं? गाडीच्या पॉलिसीत व्याज विमा कंपनीवर, दंड मालकावर, असा १९९७ चा निकाल. पण कारखान्याच्या पॉलिसीत कंपनी व्याज वगळणारी अट घालू शकते, असं २००६ मध्ये ठरलं; कारण तोच, हा विमा सक्तीचा नाही. दावा पाच वर्षं चालला की मुद्दलाच्या साठ टक्के रक्कम मालकाच्या डोक्यावर येते आणि तो दुकान बंद करून दुसऱ्या नावाने शेजारी उघडतो.

९ ऑक्टोबर
ऊसतोड. गाळप तोंडावर आलंय आणि अथणी, रायबाग, चिक्कोडी, हुक्केरी पट्ट्यात टोळ्या उतरतील. इथे "मालक कोण?" या पहिल्याच प्रश्नाला घरंगळायला होतं. कारखान्याचा करार तोडणी-वाहतूकदाराशी, त्याचा मुकादमाशी, मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) कोयत्याला (ऊस तोडणाऱ्या जोडीला). कारखाना म्हणतो ऊस शेतकऱ्याचा, शेतकरी म्हणतो टोळी कारखान्याची. कलम १२ मूळ कामदात्याला जबाबदार धरतं, त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. पण काम त्याच्या धंद्याचा नेहमीचा भाग हवा आणि अपघात त्याच्या ताब्यातल्या किंवा काम घेतलेल्या जागेवर वा तिच्या आसपास झालेला हवा. फडात झाला तर वाद, रस्त्यावर ट्रॉली उलटली तर आणखी मोठा वाद.

ट्रॉलीच्या बाबतीत मात्र एक वाट आहे. ट्रॅक्टरला नंबर असतो आणि नंबराचा विमा ऑनलाइन दिसतो! म्हणून या भागासाठी पानाची रचना उलटी केली: मालकाचं नाव विचारायचं नाही, गाडीचा नंबर विचारायचा. त्यातही फट आहे. पॉलिसी शेतीकामाची आणि वाहतूक भाड्याची, ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, मागे बसलेले फुकटचे प्रवासी, असे बचाव विमा कंपन्या नेमाने घेतात. त्यामुळे दोन्ही नंबर हवेत, पुढचा आणि मागचा. ट्रॉलीवर नंबर चिखलात किंवा मुळीच नाही, हेही नोंदवायला एक खूण ठेवलीय. मोटार अपघाताचा दावा किंवा कामगार भरपाईचा, एकच करता येतो. कुठला करायचा ते वकिलाला विचारल्याशिवाय ठरवू नका, असं ठळक लिहिलं.

संकेश्वरजवळ तळावर एका मुकादमाला पान दाखवलं. त्याने स्वतःच्याच ट्रॅक्टरचा नंबर घातला आणि मुदत उलटून गेलेली बघून काही न बोलता फोन कानाला लावला.

२७ ऑक्टोबर
पान हलकं केलं. कणकुंबीच्या बाजूला नेट रडत असतं. चित्रं काढली, तक्ता मजकुरातच. मराठी, कन्नड दोन्ही.

२४ नोव्हेंबर
२१ तारखेपासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विरघळला. भरपाई आता तिच्या सातव्या प्रकरणात. कामावर जाता-येतानाचा अपघात तिथे स्पष्टच लिहिलाय. विम्याची सक्ती तिथेही नाही, ग्रॅच्युइटीपुरतीच आहे. म्हणजे आमच्या यादीची गरज तशीच.

आता "अपघाताची तारीख" हा प्रश्न सगळ्यांत वर. २१ नोव्हेंबरच्या आधीची असेल तर जुनी कलमं, जुनं आकडेमोडीचं पान. नंतरची असेल तर आकडा दाखवणं तूर्त बंद केलंय, फक्त कुठे जायचं तेवढं सांगतो. नियम आणि पगारमर्यादेची अधिसूचना वकीलताईंनी वाचून सही केल्यावरच ते उघडायचं. कलमांचे क्रमांक दोन्ही लावायचे, कारण कोर्टात अजून बरीच वर्षं जुन्याच क्रमांकांनी प्रकरणं चालतील.

आठवड्याचं काम: अथणी आणि हुक्केरीच्या तळांवर ट्रॉलीचे नंबर गोळा करणं, आधी मागचे.